विमानं पकडायची डबी

मी घरबसल्या विमानं बघतो, असं नव्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्याकडं बघतो आणि मग दमयंतीकडं. दमयंती म्हणजे माझी बायको. अशा वेळी ती काही न बोलता चहा ठेवायला आत जाते, आणि समोरच्याचा माझ्याबद्दल जो काय ग्रह व्हायचा तो होऊन बसतो. म्हणून आधीच खुलासा करतो.

आकाशातलं प्रत्येक मोठं विमान आपलं नाव, उंची, वेग आणि ठिकाण सारखं सांगत चाललेलं असतं. एष्टीत शेजारी बसलेला माणूस कसा, आपण विचारलेलं नसताना, कुठून आलो नि कुणाच्या लग्नाला चाललो ते ऐकवत राहतो, तसंच. ही बडबड ऐकणारी एक डबी मिळते. काडेपेटीहून जरा मोठी. गच्चीवर अँटेना उभा करायचा, त्याची वायर खाली आणून डबीत खोचायची, डबी लॅपटॉपला जोडायची, की पडद्यावरच्या नकाशात पिवळी विमानं हळूहळू सरकायला लागतात. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तेव्हा आमच्या जावयानं, हिमांशूनं, ती मला भेट दिली. खात्यानं शाल आणि नारळ दिला. खात्यात मी चौतीस वर्षं बिलांच्या विभागात होतो, त्यामुळं वायर या वस्तूशी माझा संबंध फक्त कागदोपत्री आला होता. पण हे जावयाला सांगायचं काही कारण नव्हतं.

तीन वर्षांत मी तरबेज झालो. कोणतं विमान किती वाजता किती उंचीवरून गेलं याची वही ठेवली. ती वही मागायला आजवर कुणी आलेलं नाही, पण उद्या कुणी आलंच तर मी तयार आहे. हल्ली हे सगळं मोबाईलवरही दिसतं, असं सांगणारे शहाणे भेटतात. मोबाईलवर दिसतं ते माझ्यासारख्यांच्याच डब्यांमधून जमा झालेलं असतं. हिमांशूनं शोधून सांगितलं की आमच्या भागात अशी डबी तेव्हा माझी एकट्याचीच होती. म्हणजे इथलं आकाश माझ्या जिवावर चाललेलं होतं. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा सांगितलं, तर चेअरमन आप्पासाहेबांनी ते इतिवृत्तात घ्यायला नकार दिला.

ही हकीकत त्या दुष्काळातली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. नळाला पाणी येणं बंद होऊन महिना झाला होता आणि जालना रोडला मात्र रोज एक नवी इमारत उठत होती, प्रत्येकीच्या फलकावर 'चोवीस तास पाणी' असं ठळक लिहिलेलं. आमची सोसायटी सिडकोत, चिकलठाण्याच्या विमानतळापासून जवळ. बारा बिऱ्हाडं. मंगळवारी आणि शनिवारी पुंजारामचा टँकर यायचा, आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून खाली उभं राहून सही करायचं काम माझ्याकडं होतं.

त्यात आमची मुलगी चारुता हैदराबादेत, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. दमयंतीनं जायचं ठरलं. मी पाण्याला घरी. गावभर तेव्हा हाच दस्तूर होता. लग्न असो की मयत, घरटी एक माणूस पाण्याला मागं राहायचं. मे महिन्यात बारा तासांचा रस्ता दमयंतीच्या गुडघ्याला झेपणारा नव्हता, म्हणून हिमांशूनं परस्पर विमानाचं तिकीट काढलं. दमयंती जन्मात विमानात बसली नव्हती. मीही बसलो नव्हतो, पण तो मुद्दा नव्हता.

तिकीट आलं आणि ती जी गप्प झाली ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना बोलली. पडायची भीती तिला वाटत नव्हती. ती म्हणाली, "एष्टीनं जाते तेव्हा मी प्रत्येक थांब्यावरून तुम्हाला फोन करते. गेवराई आलं, बीड आलं. वर गेल्यावर फोन बंद. सव्वा तास मी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसणार. तसं मला नाही चालायचं."

"मला ठाऊक असेल," मी म्हणालो. "तुझं विमान उठल्यापासून मी डबीवर बघत बसतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. विमानांच्या बाबतीत ती माझ्याकडं असं बघण्याची ही पहिलीच वेळ. "बघाल ना? नक्की? मध्येच उठणार नाही?" मी शब्द दिला. ती जायला तयार झाली, आणि तिनं हे चारुतालाही फोन करून सांगितलं: मी येते आहे, हे बघत बसणार आहेत.

त्याच शनिवारी संध्याकाळी डबी मेली.

मेली म्हणजे दिवा लागत होता, नकाशा दिसत होता, विमान मात्र एक नाही. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग डबी काढून घातली. मग हिमांशूला फोन केला, त्यानं मला हेच दोन्ही उपाय हैदराबादेहून पुन्हा करायला लावले. दमयंतीला मी काही बोललो नाही. चौदा दिवस हाताशी होते.

रविवारी सकाळी आप्पासाहेब आले. ते गंगापूरकडचे, तिकडं त्यांची ऊस-कपाशीची शेती आहे, आणि ज्या गोष्टीतलं आपल्याला कळत नाही तिच्यावर गप्प बसायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी डबीला हात लावून बघितला आणि लई गरम व्हतीय, असा निकाल दिला. पंपाची मोटर तापली की ते तिच्यावर ओलं पोतं टाकतात. डबीला पोतं मोठं होईल म्हणून त्यांनी माठावर ठेवायला सांगितलं. मी ठेवली. माठाच्या झाकणावर, थंडगार जागी, लॅपटॉप ओट्यावर. पाच मिनिटांनी दमयंती पाणी घ्यायला आली, तिनं झाकण उचललं, आणि डबी माठात गेली.

त्या दिवसांत माठभर पाणी वाया जाणं ही काय चीज होती हे ज्यानं तो उन्हाळा काढला त्यालाच कळेल. दमयंतीनं त्या पाण्यानं आधी भांडी विसळली, मग तेच फरशीला वापरलं, मग तेच कढीपत्त्याला घातलं, आणि या तिन्ही कामांच्या दरम्यान ती माझ्याविषयी बोलत होती. वरच्या मजल्यावरची मंजुषा आवाज ऐकून खाली आली. मंजुषा बँकेत आहे, सोसायटीची पाणीसमिती ती एकटी चालवते, आणि तिला सगळ्या वस्तूंवरचे घरगुती उपाय ठाऊक असतात. तिनं डबी तांदळात पुरायला सांगितलं. आमच्या तांदळाच्या डब्यात डबी दीड दिवस राहिली. सोमवारी संध्याकाळी काढली, पुसली, जोडली, आणि पडद्यावर विमानं आली. नऊ होती, मी मोजली. मंजुषानं तांदळाचा गुण सगळ्या जिन्याला सांगितला. आम्ही ते तांदूळ खाल्ले. जरा वायरचा वास होता.

मंगळवारी रात्री जेवून बसलो तर डबी पुन्हा गप्प.

आता मला दोष विमानांमध्येच दिसायला लागला. बुधवारी मी विमानतळाच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला आणि तुमची विमानं कालपासून दिसत नाहीत, अशी रीतसर तक्रार केली. पलीकडच्या मुलीनं अतिशय अदबीनं विचारलं, कोणतं विमान? मी म्हणालो, सगळीच. तिनं मला थांबायला सांगून संगीत लावलं. मग एक गृहस्थ आले. त्यांनी माझं नाव विचारलं, वय विचारलं, आणि घरात बोलायला दुसरं कुणी मोठं माणूस आहे का असं विचारलं. मी फोन ठेवून दिला. चौतीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण कुणाचं वय म्हणून विचारलं नाही.

गुरुवारी डबी रुमालात बांधून गुलमंडीला गेलो. तिथं एका कापडाच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं चढून गेलं की बद्रीनाथांची रेडिओदुरुस्ती आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, हात अजून स्थिर. त्यांनी डबी उघडली, भिंगातून पाहिली, कानाजवळ नेली, मिटवली. मग खिडकीतून स्वतःचीच एक वायर बाहेर सोडली, मी बरोबर नेलेल्या लॅपटॉपला डबी जोडली, आणि पडद्यावर अकरा विमानं आली. खालचे कापडवाले गिऱ्हाईक सोडून वर बघायला आले. एकानं दुबईचं विमान दाखवा म्हणून गळ घातली. बद्रीनाथ म्हणाले, श्रीनिवाससाब, इसको कुछ नहीं हुआ, घरी करमत नसेल तिला. पैसे घेतले नाहीत, तेवढ्यासाठी काय घ्यायचे म्हणाले.

मी घरी येऊन हे जसंच्या तसं दमयंतीला सांगितलं, आणि ती चूक झाली. कारण त्यातून तिला डबी पुन्हा बिघडली होती हे कळलं. ती म्हणाली की तुमचंही असंच होतं. ऑफिसात सगळे म्हणायचे साहेब किती कामाचे, आणि घरी एक बल्ब बदलून झाला नाही. पण ते थट्टेत म्हणाली नव्हती. शुक्रवारी डबी व्यवस्थित चालली तेव्हा मी तिला खुर्ची देऊन समोर बसवलं, हैदराबादेच्या वाटेवरचं एक विमान दाखवलं. तिनं ते पडद्याच्या कडेला जाईपर्यंत पाहिलं, आणि मग उठून बॅग भरायला काढली. शनिवारी रात्री डबी परत मेली, तेव्हा मात्र मी तिला सांगितलं नाही. मी खुर्ची दाराकडं पाठ करून ठेवली आणि पडदा अडवून बसायला लागलो.

नवी डबी घ्यायची, असं मी ठरवलं. हिमांशूनं तीन प्रकारांची माहिती पाठवली. एक साधी, एक लांबचं पकडणारी, आणि एकीला म्हणे आवाज गाळायची चाळणी होती. मी चाळणीवाली निवडली, कारण तेवढाच शब्द मला समजला. त्यानं ती कुरिअरनं धाडली. कुरिअरचं ऑफिस चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत, एका बंद कारखान्याच्या शेजारी. तिथल्या मॅनेजरनं पार्सल समोर ठेवलं आणि वस्तू कशासाठी मागवली ते फॉर्मवर लिहायला सांगितलं. मी प्रामाणिक माणूस. मी लिहिलं, 'विमानांवर लक्ष ठेवण्यासाठी.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग दुसऱ्याला बोलावून त्याला वाचायला दिलं. मग पार्सल काउंटरवरून उचलून आत कपाटात ठेवलं आणि मला एखाद्या जबाबदार व्यक्तीचं पत्र आणायला सांगितलं. मी स्वतः जबाबदार व्यक्ती आहे, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, हे सांगून पाहिलं. सोसायटीच्या चेअरमनचं आणा म्हणाला. तेव्हा दुसऱ्या दिवशी मला आप्पासाहेबांपुढं उभं राहावं लागलं. त्यांनी लेटरहेडवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर इसमास मी बारा वर्षांपासून ओळखतो. तो निरुपद्रवी आहे.' खाली सही-शिक्का. शिक्का माझ्याच कपाटात असतो, तो मीच नेऊन दिला होता. त्या पत्राची प्रत सोसायटीच्या फाइलला लावायची असा त्यांचा आग्रह, आणि ती अजून तिथं आहे.

बुधवारी नवी डबी जोडली. एक विमान नाही.

मी हिमांशूला फोन करून त्या चाळणीविषयी चार शब्द सुनावले. तो जावई असल्यामुळं हो बाबा, हो बाबा म्हणत राहिला. आता माझ्याकडं दोन मेलेल्या डब्या होत्या आणि तीन दिवस राहिले होते. मंजुषानं लिंबू-मिरची आणून लॅपटॉपला बांधली. मी या गोष्टी मानत नाही. शुक्रवारी दोन्ही डब्या ठणठणीत चालल्या, आणि मी लिंबाला हात लावायची कुणाला परवानगी दिली नाही. दमयंतीनं त्या दिवशी तीनदा येऊन पडदा बघितला. तिसऱ्या वेळी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला फार अपराधी वाटलं.

शनिवार उजाडला. विमान पाच दहाचं. दुपारी बारा वाजता मंजुषा पाण्याचं रजिस्टर माझ्या सहीसाठी घेऊन आली. टँकर कधी आला, टाक्या कधी भरल्या, कोणत्या दिवशी किती उतरल्या, सगळं तिच्या सुरेख अक्षरात. मी सही करायला वही पुढं ओढली, आणि शेजारी माझी विमानांची वही उघडी पडलेली होती.

मी ती दोन्ही पानं बघितली. मग आधीचं पान. मंगळवारी संध्याकाळी टाक्या भरल्या, विमानं गेली. शुक्रवारी टाक्या तळाला, विमानं आली. शनिवारी भरल्या, गेली. सोमवारी तळाला, आली. डबीला काही झालेलं नव्हतं. तांदळानं काही झालं नव्हतं, लिंबानं झालं नव्हतं. दोन शनिवारांपूर्वी सोसायटीनं गच्चीवर तीन काळ्या टाक्या बसवल्या होत्या, आणि माझा अँटेना बरोबर त्या तिघींच्या मध्ये उभा होता. टाक्यांत पाणी असलं की विमानांची बडबड पाण्यातच अडायची. मंजुषानं विचारलं, काका, पण टाक्या अँटेनाच्या भोवती ठेवा असं सुचवलं कुणी? वाऱ्यानं अँटेना हलतो, टाक्यांचा त्याला आधार होईल, असा ठराव मांडला गेला होता. सूचक म्हणून माझं नाव आहे. आप्पासाहेबांनी ते मात्र इतिवृत्तात घेतलं होतं.

अँटेना उचलून दुसरीकडं न्यावा तर वायर नेमकी तेवढीच, आणि ती भिंतीतून सिमेंटनं पक्की केलेली. गुलमंडीला फोन लावला, बद्रीनाथ भाचीच्या लग्नाला गेलेले. उपाय एकच उरला होता. टाक्या तेव्हा कोरड्या होत्या. टँकर साडेचारला यायचा होता. विमान जाईपर्यंत त्याचं पाणी टाक्यांत चढवलं नाही म्हणजे झालं.

दमयंतीला मी रिक्षानं विमानतळावर सोडलं. दारापाशी तिनं विचारलं, डबी चालू आहे ना? मी म्हणालो, सकाळी चौदा होती. ते खरंच होतं. ती आत गेली, वळून हात केला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षावाल्याला जोरात चालवायला सांगितलं.

घरी आलो तर पुंजारामचा टँकर गेटात उभा, आणि सगळी सोसायटी बादल्या, कळश्या, घागरी घेऊन खाली. लोकांना दोन दिवस धड पाणी मिळालेलं नव्हतं. मंजुषाच्या जुळ्यांना शुक्रवारपासून आंघोळ नव्हती, ते जवळून जाणवत होतं. पुंजारामनं पाईप गच्चीवर चढवायला घेतला होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, तासभर थांब.

कुणाला काही कळेना. मग मला सगळं सांगावं लागलं: डबी, पाणी, ठराव, आणि दमयंतीला दिलेला शब्द. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की उन्हाळ्यात बारा बिऱ्हाडांचं पाणी मी एका पिवळ्या ठिपक्यासाठी अडवतो आहे. कुणीही हसलं नाही. मला वाटतं ते हसण्याच्या पलीकडं गेले होते. पुंजाराम म्हणाला की त्याची अजून एक खेप मुकुंदवाडीला हाय. आप्पासाहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या मागून त्यांच्या आई वच्छलाबाई बोलल्या. ऐंशी वर्षांच्या, हातात पितळी तांब्या घेऊन पायरीवर बसलेल्या.

"थांबा की घटकाभर," त्या म्हणाल्या. "बाई पयल्यांदाच वर चालली. तिच्या मागं कुणी नजर ठिवायला नगं व्हय? आपुन काय इतक्यात वाळून जात नाय."

त्यांच्यापुढं आप्पासाहेबांचं काही चालत नाही. टँकर थांबला.

मी धावत घरात येऊन पडद्यापुढं बसलो. बारा विमानं. पाच दहा झाले, सव्वापाच झाले. दमयंतीचा फोन आला: उशीर आहे, पावणेसहा म्हणतात. खाली शेजारच्या सोसायटीतले लोक भरलेला टँकर नुसता उभा बघून घागरी घेऊन आले. आप्पासाहेबांनी त्यांना पाण्याची तपासणी चालू हाय, आमचे सेक्रेटरी घरात बसून अहवाल बघतायत, असं ठोकून दिलं. पावणेसहाला पुन्हा फोन: सव्वासहा. मी खिडकीतून खाली पाहिलं. घागरींची रांग गेटाबाहेर गेली होती. मंजुषाची एक पोरगी बादलीत बसून झोपली होती. वच्छलाबाई अजून पायरीवरच होत्या, तांब्या मांडीत. पुंजारामनं इंजिन चालू करून ठेवलं होतं. त्यानंही शब्द दिलेला होता, मुकुंदवाडीच्या लोकांना.

मी खाली गेलो. आप्पासाहेब काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "भरा." वच्छलाबाई म्हणाल्या, अवं, अजून थांबू की. मी म्हणालो, नको, भरा.

वर येऊन बसलो. गच्चीवर पाणी पडल्याचा आवाज भिंतीतून येत होता. पहिल्या टाकीबरोबर नागपूरकडचं विमान गेलं. मग मुंबईकडची दोन गेली. दुसरी टाकी अर्ध्यावर आली असेल तेव्हा पाच राहिली होती, मग दोन, मग कोरा नकाशा. तेवढ्यात फोन वाजला. दमयंती विमानात बसली होती, फोन बंद करायला सांगत होते. "बघताय ना?" तिनं विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो.

मी खरंच बघत होतो. नाक पडद्याला लागेल इतकं जवळ जाऊन बघत होतो. जुनी डबी काढून नवी लावली, नवी काढून जुनी लावली, लिंबू सरळ केलं. एकाएकी घरावरून प्रचंड आवाज गेला, कपाटातले पेले हादरले, आणि गच्चीवर एकच गलका उठला. बायका ओरडत होत्या, भांडी आपटत होती, आप्पासाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर. मला वाटलं टाकी भरून वाहायला लागली. मी जागेवरूनच, पडद्यावरची नजर न काढता, व्हॉल्व बंद करा म्हणून जीव खाऊन ओरडलो. कुणी ऐकलं नाही. मी उठलो नाही. मध्येच उठणार नाही, असं कबूल केलं होतं. असा सव्वा तास त्या कोऱ्या नकाशापुढं बसून राहिलो, आणि मनातल्या मनात तिला पुढं नेत राहिलो. आता बीड आलं असेल. आता लातूर. आता बिदर.

आठला फोन आला. ती पोचली होती, हिमांशू घ्यायला आला होता, चारुता बरी होती. विमानात चघळायला गोळी दिली, खिडकीची जागा होती, सगळं तिनं भराभर सांगितलं. मी विचारलं, भीती वाटली का.

"सुरुवातीला डोळे मिटूनच घेतले होते," ती म्हणाली. "मग ते उठलं आणि वळलं, तेव्हा म्हटलं एकदा खाली बघावं. तर आपली गच्ची! आधी तीन काळ्या टाक्या दिसल्या, मग माणसं. अहो, सगळी सोसायटी हात हलवत होती. कुणी बादल्या हलवत होतं, कुणी कळश्या. मंजुषाच्या दोन्ही पोरी कठड्याला. वच्छलाबाईंनासुद्धा खुर्चीवर उभं धरलं होतं. मी रडलेच. शेजारचे गृहस्थ घाबरले." मग म्हणाली, "सगळे दिसले. तुम्हीच नव्हता."

माझ्याकडं दोन-तीन कारणं तयार होती, टेलिफोन खात्यात असताना अशी कारणं तयार ठेवावीच लागतात. पण मी खरं ते सांगितलं. माठ, तांदूळ, निरुपद्रवी इसम, ठराव, टँकर, सगळं. शेवटी म्हणालो, "मी खाली होतो. तुला शोधत बसलो होतो."

ती हसायला लागली. हसत हसतच तिनं ते चारुताला सांगितलं, मग चारुता हसली, आणि मग हिमांशूही हसला, जावयानं हसावं तेवढंच. बऱ्याच वेळानं दमयंती पुन्हा फोनवर आली.

"महिन्यानं परत येते," ती म्हणाली. "विमानानंच येते. त्या दिवशी गच्चीवर उभे राहा. हातात काही धरू नका. दोन्ही हात हलवा, म्हणजे मला शोधत बसावं लागणार नाही."